उजवा गाल

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, असं ती चारचौघांत सांगते. मीही मान डोलावतो. माझं घोरणं, माझा भित्रेपणा, बाजारात भाव करता न येणं — सगळं तिला पाठ आहे. पण वच्छला हे नाव तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. कोणीच ऐकलेलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय. आजच का, ते माझं मलाही नीट सांगता येणार नाही. हल्ली कोणी माझ्या जुन्या फोटोंचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलतो, एवढं खरं.

आधी मी कोण ते सांगतो. नाही — आधी ती कोण ते सांगायला हवं. बघा, सुरुवातच स्वतःपासून करत होतो. खोड जात नाही.

नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या टाली, म्हणजे वखारी, आणि त्यांच्या मागं खोल्यांची एक लांब रांग होती. एका टोकाला आम्ही, मधे वच्छला आणि तिचे आईवडील. वडील टालीवर मुकादम. मूळचे कुहीकडचे, तिकडची थोडी धानाची शेती तिचा काका पाहायचा. दिवसभर आरा मशीनची घरघर चालायची आणि रांगेतल्या झाडून सगळ्यांच्या केसांत भुसा असायचा. वच्छला माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. सातवी झालेली, बोलकी, आणि नकला करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरमालकाची बायको पदर सावरत भाडं मागायला यायची, ते ती असं करून दाखवायची की हसता हसता मला ठसका लागायचा.

लहानपणी गावी असताना तिला माता आल्या होत्या. देवी म्हणतात ना, त्या. जीव वाचला. डावीकडचे वण पुढे पुसट झाले. पण उजवा गाल तिनं तापात ओरबाडून काढला होता, असं तिची आई सांगायची. त्या बाजूला डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत खोल खड्डे राहिले. आई म्हणायची, मातेचा हात फिरला आहे, त्याला नावं ठेवू नयेत. नावं तशी कोणी ठेवत नव्हतंच. पण वच्छला रस्त्यानं जाताना नेहमी भिंत आपल्या उजव्या हाताला राहील अशा बेतानं चालायची. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते दिसलं नव्हतं. फोटो काढायला लागलो तेव्हा दिसलं.

आता मी. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मॅट्रिक कसाबसा झालो होतो आणि इतवारीत एका फोटो स्टुडिओत उमेदवारी करत होतो. स्टुडिओच्या मालकांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. ते कधी शाळेत शिकवत होते की नुसतेच खेकसायचे म्हणून मास्तर, कोणास ठाऊक. वर्षभर त्यांनी मला पाणी भरायला आणि पडद्यावरच्या रंगवलेल्या तळ्याची धूळ झटकायला ठेवलं. मग एकदा त्यांचा जुना कॅमेरा हातात दिला — वरून खाली वाकून बघायचा असतो ना, तो — आणि म्हणाले, रविवारी घेऊन जात जा, माणसं काढ, झाडं सगळ्यांनाच काढता येतात.

माणसं काढ म्हणे. कोणाची काढणार? मॉडेल हा शब्द मी मासिकात वाचला होता. मुंबईला मॉडेल मिळत असतील. नागपुरात चांगल्या घरची मुलगी फोटोला बसायची ती फक्त लग्न जमवायच्या वेळी, बापाच्या पहाऱ्यात, शेजारी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवून. माझी पहिली मॉडेल म्हणजे माझी आई. कॅमेरा समोर आला की ती श्वासच घेणं सोडायची. फोटो मयताचे वाटायचे. दुसरा टालीवरचा बैल. तो त्या मानानं बरा बसायचा.

ते फोटो पाहून मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण शिकवलं. मला अजून शब्दन् शब्द आठवतो. "माणूस समोर बसला का त्याच्या हाताले काम दे. तोंड आपोआप मोकळं होते. बोलत राह्य. अन् एक ध्यानात ठेव — बसनाऱ्याले सोताचं तोंड दिसत नाही. ते फक्त तुले दिसते. म्हून तो तुह्यावर भरोसा ठेवते."

हे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही.

वच्छलाला मी विचारलं तेव्हा ती आधी हसली. मग घरात निघून गेली. तोवर तिचा एकटीचा फोटो नव्हता. घरच्या एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोत ती होती, पण पदर तोंडावर. मी आठवडाभर मागं लागलो. शेवटी ती दारात तांदूळ निवडत बसली असताना म्हणाली, "या बाजूनं काढशीन तं काढ. त्या बाजूनं नाही." डाव्या गालाला बोट लावून दाखवलं. उजव्याला बोटही लावलं नाही. मी म्हणालो, माझ्या मायची आन. तिनं माझ्याकडं बघितलं, मी खरंच बोलतोय का ते. आणि सूप तसंच मांडीवर ठेवून डावा गाल माझ्याकडं करून बसली.

सकाळची वेळ होती. उन्हाला धार होती, म्हणून मी वडिलांचं जुनं धोतर दोरीवर आडवं टाकलं आणि त्यातून उजेड गाळून घेतला. तिच्या हातात तांदूळ होतेच. मी तिला घरमालकाच्या बायकोची नक्कल करायला लावली आणि ती संपवून ती स्वतःशीच हसत खाली बघायला लागली, तेव्हा खटका दाबला.

तो फोटो मी तिला आणून दिला, ते मी सांगायलाच हवं. पोस्टकार्डाएवढा होता. तिनं तो हातात घेतला, उलटून मागची बाजूही बघितली. मला वाटलं, आवडला नाही. मग तिनं विचारलं, "मी अशी दिसतो?" आमच्याकडं बायकाही असंच बोलतात. मी म्हणालो, अशीच दिसतेस. आणि ते खोटं नव्हतं. हसताना ती तशीच दिसायची. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. तिनं तो फोटो पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवला. तिची आई माझ्या आईला सांगत होती की पोरगी दिवसातून चारदा पेटी उघडते.

त्यानंतर वर्षभर ती माझी मॉडेल होती. मी शिकलो ते सगळं तिच्यावर शिकलो. हनुवटी किती उचलायची, मान वळवायची तर आधी खांदा वळवायचा, डोळ्यांत उजेडाचा ठिपका कुठून आणायचा. माझे रोलच्या रोल वाया जायचे आणि ती कंटाळायची नाही. खटका दाबायच्या आधी ती डोळ्यांनीच विचारायची — बरोबर? मी मान हलवली की मगच श्वास सोडायची. मला ती आवडत होती का? होती. पण ते कबूल करणं सोपं आहे, त्यात माझं काही जात नाही. मी ते इथं मधे आणतोय ते वेळ काढायला. पुढं सरकतो.

शहरात हौशी फोटोग्राफरांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा जमायचे. वकील, डॉक्टर, एक-दोन कॉलेजातले प्राध्यापक. मास्तरांच्या वशिल्यानं मीही मागच्या बाकावर बसू लागलो. तिथं कोणाच्या फोटोची वाहवा व्हायची? सुरकुतलेला म्हातारा. फुटलेली टाच. डोळ्यावर माशी बसलेलं पोर. माझे वच्छलाचे फोटो मी मोठ्या उमेदीनं नेले, तर एक जण म्हणाला, छान आहेत, साबणाच्या जाहिरातीला चालतील. सगळे हसले. वाईट मनानं नव्हते हसले, पण मला झोंबलं. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरणार होतं, बाहेरगावचे परीक्षक येणार होते. घरी परत येताना सायकलवर माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती काय होती ते तुम्ही ओळखलंच असेल.

मी तिला विचारू शकलो असतो. हे मला रोज आठवतं. ती कदाचित नाही म्हणाली असती. कदाचित हो म्हणाली असती — माझ्यासाठी. पण विचारलं तर ती सावध होईल आणि चेहरा आवळून घेईल, फोटो बिघडेल, हा हिशेब मी केला. म्हणजे तिच्या नकाराची नव्हे, मला फोटोची काळजी होती.

टालीच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं. उन्हं कलली की त्यातून उजेडाची एक तिरपी पट्टी आत यायची. असा तिरपा उजेड कुठल्याही पृष्ठभागावर टाका, कणन् कण वर येतो. लाकडाच्या रेषासुद्धा मोजून घ्याव्यात. मी दुपारीच तिथं स्टूल नेऊन ठेवलं. जागा खडूनं आखली. संध्याकाळी तिला बोलावलं आणि नेहमीसारखा डावा गाल माझ्याकडं करून बसवलं. उजेड तिच्या पाठीमागून येत होता, उजवा गाल माझ्या पलीकडं होता. तिला शंका यायचं कारणच नव्हतं. मी वाकून कॅमेऱ्यात बघत होतो, गप्पा मारत होतो. मग मी म्हणालो, "वच्छला, तुही माय बोलावून राहिली."

तिची आई बोलावत नव्हती. कोणीच बोलावत नव्हतं.

ती वळली. मागं खिंडाराकडं पूर्ण वळली, मान लांब करून, तोंड जरा उघडं ठेवून — माणूस हाकेला ओ द्यायच्या आधी जसा दिसतो तशी. उजवा गाल भर उजेडात. मी खटका दाबला. या कॅमेऱ्याचा आवाज फार बारीक असतो. तिनं परत माझ्याकडं बघून सांगितलं की कोणीच नाही. मी म्हणालो, भास झाला असेल. आणि नंतर डाव्या बाजूनं उरलेला रोल संपवला, तिला संशय येऊ नये म्हणून. त्यातला एकही मी छापला नाही.

फोटो चांगला होता. हे सांगताना मला लाज वाटते, पण तो चांगला होता. मी आयुष्यात तसा दुसरा काढला नाही. परीक्षकांनी त्याला दुसरं बक्षीस दिलं. खाली चिठ्ठीवर नाव द्यायचं होतं, मी लिहिलं 'खुणा'. त्याखाली मॉडेलचं नाव लिहायची जागा होती. तिथं मी लिहिलं — ग्रामीण स्त्री. लकडगंजातली, सातवी शिकलेली, माझ्या शेजारची वच्छला. तिला मी ग्रामीण स्त्री करून टाकलं. वकील मंडळींना तेच बरं दिसणार होतं.

वच्छलाला मी एवढंच सांगितलं की तुझ्या फोटोला बक्षीस मिळालं. कोणत्या, ते सांगितलं नाही. तिनं रांगेत घरोघर जाऊन सांगितलं. बघायला येते म्हणाली. मी म्हणालो, कशाला उगीच, गर्दी असते. याहून जास्त काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं वाटलं; जास्त अडवलं तर का म्हणून विचारेल. आणि मला वाटलं, नाही यायची. बायका म्हणतात आणि येत नाहीत.

ती आली. आईला घेऊन सायकल रिक्षानं सीताबर्डीवर, प्रदर्शनाला आली. पोपटी रंगाचं नवं लुगडं, केसांत अबोली. मी त्यांना दारातून येताना पाहिलं आणि — काय केलं असेन? पुढं झालो असेन? मी खांबामागं गेलो. तिथून सगळं दिसत होतं. वच्छला भिंतीच्या कडेनं एकेक फोटो बघत चालली होती, स्वतःला शोधत. त्या फोटोपाशी आली. त्याच्याकडं बघितलं, आणि पुढं गेली.

तिनं ओळखलंच नाही. ती तो दुसरा चेहरा शोधत होती — पेटीतला.

आई मात्र थांबली होती. आईला तो गाल ठाऊक होता; तिनं रात्र रात्र त्याला कडुलिंबाचा पाला लावला होता. तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही. "वच्छे, हे तं तूच होय वं." वच्छला परत आली. फोटो बघितला. मग वाकून खालची चिठ्ठी वाचली. शेजारी दोन तरुण उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला काहीतरी समजावून सांगत होता, गालावर बोट नाचवत, काचेवरून. त्याला ठाऊक नव्हतं की ती शेजारी उभी आहे. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला, उजव्या बाजूला जरा जास्त, आणि आईचा हात धरून बाहेर पडली. रिक्षा मिळेपर्यंत त्या दोघी उन्हात उभ्या होत्या. मी खांबामागंच होतो.

तुम्हाला वाटत असेल, झालं, हीच ती कबुली. मलाही वाटायचं तसं. इतकंच असतं तर मी कधीतरी कोणाजवळ बोललो असतो. तरुणपणी माणसं असली पापं करतात, आणि म्हातारपणी त्याच्या गोष्टी करून सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर होतो. ती आली, घागर खाली ठेवली. डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता. "तुनं तं आन घेतली होती ना गा. मंग काहून?"

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. चार शब्द लागले असते. पण माझ्या तोंडून निघालं ते हे — मी मुद्दाम नाही केलं, वच्छला. मी डाव्या बाजूनंच काढला होता. पण छापताना निगेटिव्ह उलटी लागली. उलटी लागली की उजवं डावं होतं. म्हणून तो गाल आला. मी अजून शिकाऊ आहे ना.

तुम्ही कधी फोटो छापला नसेल, म्हणून सांगतो. निगेटिव्ह उलटी लागते, हे खरं आहे. शिकाऊ पोरं ही चूक हमखास करतात. मग डावीकडचा खिसा उजवीकडं दिसतो, पाटीवरची अक्षरं उलटी येतात. पण गाल? गाल बदलत नाही. ज्या बाजूनं काढला तीच बाजू येते, फक्त तोंड दुसऱ्या दिशेला होतं. डावा गाल काढलात तर निगेटिव्ह कशीही फिरवा, उजवा गाल तिच्यात नसतोच, तो येणार कुठून? इतकं साधं आहे. पण ते या धंद्यातल्या माणसाला साधं आहे. तिला काय माहीत? अर्धं खरं घेऊन मी त्यात खोटं कालवलं, आणि नेमकं तिला उलगडणार नाही एवढंच कालवलं.

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तुनं मुद्दाम नाही केलं?" मी म्हणालो, नाही. तिच्या चेहऱ्यावरून ताण उतरला. तुम्हाला कसं सांगू — तिला बरं वाटलं. मला नव्हे, तिला. तिला त्या फोटोपेक्षा मी तो मुद्दाम काढला असेल याचं दुःख होतं. "होते असं," ती म्हणाली. "शिकूनच राहिला ना तू अजून." आणि माझी भरलेली बादली कडेला सरकवून तिनं घागर नळाखाली लावली.

तिनं मला नुसती माफी दिली नाही. तिनं माझी वकिली केली. तिची आई माझ्या तोंडावर थुंकायची बाकी होती. तिला वच्छलानं समजावलं. रांगेतल्या बायकांना समजावलं, हातवारे करून, निगेटिव्ह कशी उलटी लागते ते. वडिलांनाही. संध्याकाळी तिच्या आईनं आमच्याकडं पाटोडीचा रस्सा पाठवला, समेट म्हणून. मी तो खाल्ला. दोन वाट्या खाल्ला. घशात अडकला वगैरे असं काही झालं नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

फोटोला मात्र ती परत बसली नाही. "तुही काही चूक नाही," म्हणायची, "पन आता नको." मी आग्रह केला नाही. मंडळात माझं नाव झालं होतं, आणि आता मला दुसऱ्या मॉडेल मिळत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मौद्याचा मुलगा, किराणा दुकान होतं, शांत माणूस. तो येऊन तिला बघून गेला होता, समोरासमोर, दिवसाउजेडी, आणि पसंत करून गेला होता. त्याला कोणाच्या फोटोची गरज पडली नाही. लग्नाचे फोटो काढायला तिच्या आईनं आमच्याच मास्तरांना सांगितलं — आपल्या मधूचे मास्तर म्हणून. मधू म्हणजे मी. माझ्याकडं फ्लॅश धरायचं काम होतं. खांद्याला बॅटरीची पेटी, हातात दांडी.

रांगेसमोरच मांडव घातला होता. लग्न लागलं, आणि नवरा-नवरीला खुर्च्यांवर बसवलं. मागं नणंदा उभ्या राहिल्या. मास्तरांनी वच्छलाला जरा तिरपं बसवलं, डावा गाल पुढं करून; त्यांचा डोळा तयार होता, त्यांना सांगावं लागलं नाही. ते मागं सरकणार तेवढ्यात ती त्यांच्याकडं वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, एक सांगू? छापताना निगेटिव्ह उलटी नका लावू बरं. मागं एकदा तसं झालं होतं, तं भलताच गाल आला."

मास्तर मोठ्यानं हसले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं हसणं गडगडाटी होतं. "अवं पोरी, निगेटिव्ह उलटी लावली तं काय गाल बदलते? ज्या बाजूनं काढला तीच बाजू येते. तूच सांग, जो गाल काढलाच नाही तो येईन कुठून? कोनं सांगतलं वं तुले असं?"

नणंदा हसल्या. नवराही हसला, मायेनं. वच्छला हसत नव्हती. ती विचार करत होती. मला दिसत होतं, ती टालीमागच्या त्या स्टुलापर्यंत परत गेली होती, आणि त्या हाकेपर्यंत, जी कोणी मारलीच नव्हती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. खटक्याच्या आधी डोळ्यांनी विचारायची, तसंच. बरोबर?

मी दांडीवरच्या बटणाकडं बघायला लागलो.

"असंच," ती मास्तरांना म्हणाली. "कुठंतरी ऐकलं होतं."

सगळे पुन्हा हसले. भोळी आहे म्हणाले. आणि मी? मीही हसलो. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढाच. मास्तर म्हणाले, वर बघ पोरी. तिनं मान वर केली. या वेळी ती तिरपी बसली नाही; खांदे सरळ करून समोर तोंड केलं, दोन्ही गाल कॅमेऱ्याकडं. पदर पुढं ओढला नाही. मास्तरांनी तिला वळवायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, "राहू द्या. असाच काढा." मी फ्लॅश उडवला. माझं कामच होतं ते.

परतताना रस्त्यात मास्तरांना ते आठवून पुन्हा हसू आलं. म्हणाले, "कोन सांगते गा या पोरीयले असं काहीबाही?"

मी म्हणालो, "कोण जाणे."

मौदा काही लांब नाही. बसेस सारख्या जातात. त्या बाजूची कित्येक लग्नं मी नंतर केली, त्या बाजारातून सामान घेऊन गेलो, आणि किराणा दुकान दिसलं की दुसऱ्या बाजूला बघत गेलो. ती कशी आहे, मुलंबाळं किती, आहे की नाही — मी कोणाला विचारलं नाही. तिला खरं काय ते कळलं, पण ते तिच्या लग्नाच्या मांडवात, दुसऱ्या माणसाच्या हसण्यातून कळलं, आणि तिथंही तिनं मला झाकलं. माझ्या तोंडून तिला ते आजवर कळलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. तिला नाही सांगितलं.